राखाडीतली झाक

वारीच्या दिवसांत दिवे घाटावर ढग उतरले की सगळं राखाडी होऊन जातं: डोंगर, डांबरी रस्ता, भिजलेली धोतरं, पताकांमागचं आभाळ. असा कृष्णधवल फोटो पडद्यावर देखणा दिसतो. तोच इंकजेटमधून कागदावर उतरला की आभाळ हिरवी झाक मारतं, नाहीतर सावल्या जांभळट होतात. फोटोत रंग नावाला नाही, मग हा आला कुठून?

शाईतून. जुन्या सिल्व्हर जिलेटिन प्रिंटमध्ये राखाडी म्हणजे चांदीचेच सूक्ष्म कण, कुठे दाट, कुठे विरळ. साध्या इंकजेटला मात्र ती सायन, मॅजेंटा आणि पिवळ्या शाईचे थेंब शेजारी शेजारी टाकून उभी करावी लागते. तिघांचा तोल जरा ढळला की डोळ्याला कळतं. गर्द लाल थोडा इकडेतिकडे झाला तर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. राखाडीत इवलासा हिरवा आला तरी तो खुपतो. डोळ्याचा हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो.

त्याहून चिवट दुखणं उजेडाचं. रंगीत शायांतून जमवलेली राखाडी खिडकीपाशी एक दिसते, पिवळ्या बल्बखाली दुसरीच. २००५ साली एप्सनने के-थ्री शाया आणल्या, तेव्हा एकाच यंत्रात तीन दाटपणाच्या काळ्या शाया आल्या आणि बरंच सुसह्य झालं. राखाडीचा भार आता या काळ्यांवर, रंग चवीपुरता. अमेरिकेतल्या व्हरमाँटचे जॉन कोन याच्याही पुढे गेले. त्यांच्या पिझोग्राफीत रंगीत शायांच्या जागी काळ्या-करड्या शायाच भरतात.

मग रंग तरी चवीपुरता का लागतो? कारण काळ्या शाईतला कार्बन मुळात ऊबदार आहे. पातळ केला की तो तपकिरीकडे झुकतो, आणि त्याला मधोमध आणायला थोडा निळा, किंचित मॅजेंटा घालावा लागतो. पण टिकण्यात कार्बनचा हात धरणारं कुणी नाही. आपल्या कितीतरी जुन्या पोथ्या काजळीच्या शाईने लिहिलेल्या आहेत, त्यांची अक्षरं अजून काळी आहेत. घातलेला निळा मात्र आधी फिका पडू शकतो. म्हणून तो जितका कमी तितका बरा, असं माझं मत.

कागदाचंही ऐकावं लागतं. झगझगीत पांढऱ्या कागदात बहुधा उजळक रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत देतात. वर्षं सरतात तसा त्यांचा जोर ओसरतो, कागद पिवळसर होतो आणि कष्टाने जमवलेली राखाडी हलते. ही रसायनं नसलेला सुती कागद पहिल्यापासूनच सायीच्या रंगाचा असतो. त्यावर मोजणी-यंत्राने शून्य रंग दाखवलेली राखाडी शेजारच्या कागदामुळे निळसर भासते! यंत्र बरोबर असतं, तरी इथे मी डोळ्याचं ऐकतो. उजळ भागात राखाडीने कागदाची ऊब घ्यावी आणि सावल्यांकडे जाताना ती हळूहळू सोडावी.

हे तपासायला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस चौकोनांची पट्टी छापतात. पिगमेंट शाई वाळताना छटा थोडी बदलते, म्हणून पट्टी रात्रभर तशीच ठेवावी. पावसाळी हवेत आणखी थोडी. मग ती खिडकीपाशी धरायची आणि नजर मधल्या चौकोनांवर ठेवायची. झाक बहुधा तिथेच सापडते, विशेषतः एका चौकोनाहून शेजारचा अचानक थंड वाटला तर. सगळी पट्टी सारखी ऊबदार असेल तर डोळा काही क्षणांत ती ऊब मान्य करतो. मध्येच पालटणारी छटा तो कधीच मान्य करत नाही. त्यानंतर तीच पट्टी दिव्याखाली न्यायची.

दिवा कुठला, हे मात्र आधी विचारून घ्यावं. फोटो ज्या घरात लागणार तिथे संध्याकाळी पिवळा एलईडी असतो की पांढरी ट्यूब, भिंतीवर ऊन येतं का, एवढं कळलं तरी पुरे. काहीच कळलं नाही, तर मी कार्बन जास्त आणि रंग कमी असलेला, जरासा ऊबदार प्रिंट काढून देतो.