निळ्याखालचा नारिंगी

माणसाला कोणत्या वयात कोणते वेड लागावे, याला काही धरबंध नाही. तीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, पंचाहत्तरीला टेकलेला हा गृहस्थ गेले दोन महिने रोज सकाळी मागल्या गच्चीवर बसून एका खेळण्यातल्या मोटारीच्या अंगावरचा रंग उतरवीत आहे, हे शेजारी कळले तेव्हा शेजारीणबाईंनी आमच्या सौ.ला हलक्या आवाजात विचारले, "यांची प्रकृती बरी आहे ना?" सौ. म्हणाली, "प्रकृती उत्तम आहे. बाकीचे मला विचारू नका."

मोटार म्हणजे चावीची नव्हे. हातातल्या पेटीवरच्या दोन दांड्या हलवाव्यात आणि दूरवरची मोटार त्याप्रमाणे वळावी, पळावी, अशी रेडिओच्या लहरींवर चालणारी. जपानातील शिझुओका येथील टामिया कंपनीने १९८४ साली काढलेली ही 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, मागच्या चाकांवर जोर घेणारी, आणि वाळूत, मातीत बेधडक उड्या मारणारी. ती सुट्या भागांच्या खोक्यातून येई. सांगाडा आपण जोडायचा, आणि वरचे पांढरे प्लास्टिकचे कवच आपणच रंगवायचे. तेव्हा पीथमपूरला कारखाने उभे राहत होते आणि त्यांतल्या काहींनी जपानी कंपन्यांशी हातमिळवणी केली होती. आमचा एक आतेभाऊ अशाच एका कारखान्यातून प्रशिक्षणासाठी जपानला गेला आणि १९८६ च्या दिवाळीत परतताना हा खोका घेऊन आला. दिला मात्र माझ्या धाकट्या भावाला. धाकटा तेव्हा सव्वीस वर्षांचा. पण ते खेळणे त्याच्याच हातात शोभेल, हे घरात सर्वांना मान्य होते.

कारण त्याचा हात. देवळालीकर मास्तरांनी ज्या परंपरेत बेंद्र्यांसारखे विद्यार्थी घडवले, त्या इंदूरच्या चित्रकलाशाळेत त्याने दोन वर्षे ब्रश धरला होता. पुढे पोटासाठी बँकेची परीक्षा दिली, ती गोष्ट वेगळी. खोक्यासोबत आतेभावाने रंगांच्या इवल्या बाटल्याही आणल्या होत्या: तांबडा, पिवळा, काळा. धाकट्याने आठ दिवस त्या मोटारीला हात लावू दिला नाही. मग एका रविवारी त्याने ती वडिलांच्या पुढ्यात आणून ठेवली. खाली काळा, वर भगव्याकडे झुकणारा नारिंगी.

वडील काही वेळ बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, "महाराजांची!"

त्यांचे बालपण १९३० च्या दशकातल्या इंदुरातले. यशवंतराव होळकर महाराजांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला, त्या सुमारास महाराजांच्या मोटारी पाहायला रस्त्याकडेला पोरे तासन्‌तास उभी राहत. त्यांतली एक ड्यूसेनबर्ग, अमेरिकन यंत्राची आणि लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडविलेल्या अंगाची, लांबच लांब आणि जेमतेम दोघांना बसण्यापुरती. तिचे रंग काळा आणि नारिंगी. पुढे ती अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. पण वडिलांच्या डोळ्यांपुढून ती कधी हलली नाही. जेवताना, पोहे खाताना, विजेचे बिल भरताना, कुठेही त्यांना ती आठवे. धाकट्याने हे सारे ऐकून ठेवले होते. मीही ऐकले होते. मला रंग तेवढा आठवत नव्हता.

दर रविवारी चिमणबागेच्या मैदानावर तो नाकतोडा उड्या मारी. ७.२ व्होल्टची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत मान टाकी आणि मग कित्येक तास भारण्यात जात. एवढ्या थोड्या खेळासाठी एवढी वाट पाहण्यात दोघे-तिघे माणसे इतकी सुखी असू शकतात, हे आज सांगून खरे वाटायचे नाही.

आता अपराधाकडे येतो. १९९४ साली धाकटा भोपाळला बदलून गेला होता. मोटार माळ्यावर. माझा मुलगा दहा वर्षांचा व्हायचा होता, आणि वाढदिवसाला नवे खेळणे घेण्याइतकी त्या महिन्यात ऐपत नव्हती. खिडक्या रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट घरात होता. मी मोटार खाली काढली. उड्या मारून तिचा रंग ठिकठिकाणी खरचटलेला दिसला. आणि तासाभरात, इंचभर रुंदीच्या ब्रशने, मी ती नखशिखांत निळी केली. बाजूवर कागदी ७ चा आकडा चिकटवलेला होता, त्याच्यावरूनही ब्रश फिरवला. मुलगा हरखला. दिवाळीला धाकटा आला, त्याने ती पाहिली, हातात घेऊन उलटीसुलटी केली, आणि म्हणाला, "विचारलं असतंस तर मी भोपाळहून येऊन रंगवून दिली असती, दादा." एवढेच. दुसऱ्या दिवशी भाऊबीज न थांबता गेला. वडिलांच्या पश्चात २००३ साली घराची वाटणी झाली, तीत दोन्हीकडून बोलू नये ते बोलले गेले, आणि तेव्हापासून आमचे बोलणे लग्नकार्यापुरते उरले. लोक समजतात की वाटणीने फाटले. मला वाटते, फाटायला सुरुवात त्या डब्याचे झाकण उघडले तेव्हाच झाली.

यंदा पावसाळ्यापूर्वी माळा झाडताना मोटार पुन्हा खाली आली. निळ्याला साऱ्या अंगभर भेगा पडल्या होत्या, आणि एका भेगेतून, दोऱ्याएवढा, नारिंगी दिसत होता.

आमचा नातू अकरावीत आहे आणि त्याच्याकडे आजच्या जमान्याची अशीच एक मोटार आहे. तो म्हणाला, "आजोबा, रंग काढून टाकू आणि नवा मारू." रंग काढण्यात काय अवघड, या आत्मविश्वासाने मी सियागंजातून एन.सी. थिनरची बाटली आणली. दुकानदार म्हणाला, "भिया, ये तो सब कुछ उतार देगा." हे वाक्य मी प्रशंसा म्हणून ऐकले. सुदैवाने पहिला प्रयोग मी नातवाच्या मोटारीच्या एका जुन्या, फुटक्या कवचावर केला. कवच पॉलिकार्बोनेटचे, पारदर्शक. त्याला रंग आतून मारतात, म्हणजे वरचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत राहतो. थिनरचा बोळा फिरवताच काचेचे दूध झाले, आणि जिथे जिथे ते वाकवलेले होते तिथे तिथे बारीक तडे गेले. नातू समजूतदार, तो काही बोलला नाही. मी मात्र जन्मभर ज्यावर पोट भरले तो विषय विसरलो म्हणून दिवसभर कोणाशी बोललो नाही.

वास्तविक गोष्ट साधी आहे. प्लास्टिक म्हणून एक पदार्थ नाही. थिनरमध्ये ॲसिटोन आणि टोल्युइनसारखी द्रव्ये असतात; ती रंग सोडवतात आणि खालचे प्लास्टिकही सोडवतात. पॉलिस्टायरिन तर त्यात चक्क विरघळते. म्हणून आधी ओळख पटवायला हवी. आमच्या खोक्यात सुट्या भागांच्या चौकटीचा एक पांढरा तुकडा शिल्लक होता. तो मी साध्या पाण्यात टाकला, बुडाला. मग लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम मीठ विरघळवले. त्यात तो तरंगला. पॉलिस्टायरिनची घनता सुमारे १.०५, पॉलिकार्बोनेटची १.२०, मिठाचे पाणी या दोहोंच्या मधले. नातवाच्या कवचाचा तुकडा त्याच पाण्यात तळाला गेला. सौ.ने विचारले, "लोणचे घालताय का?" पण माझे काम झाले होते. ग्रासहॉपरचे कवच पॉलिस्टायरिन किंवा त्याच्याच कुळीचे, थिनरचे हाडवैरी.

अशा प्लास्टिकवरचा रंग उतरवायला जगभरचे हौशी लोक मोटारीचे ब्रेक ऑइल वापरतात. नाव ऑइल असले तरी ते तेल नव्हे. डॉट ३ किंवा डॉट ४ अशी खूण असलेले द्रव्य ग्लायकॉल ईथर वर्गातले असते. (डॉट ५ घेऊ नये, ते सिलिकॉनचे, रंगाला ढिम्म हलवीत नाही.) ते रंगाच्या पापुद्र्यात शिरून त्याला फुगवते, सैल करते, आणि पॉलिस्टायरिनला सहसा सोडते, तरी फार काळ बुडवून ठेवले तर प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून दर तासाला पाहावे. हातात रबरी मोजे हवेत. कास्टिक सोड्यानेही ऑइलपेंट निघतो, कारण तेलाचे त्यात साबणीकरण होते; पण या वयात कास्टिकशी खेळण्याची मला परवानगी मिळाली नाही.

मी डाव्या बाजूचा फक्त पत्रा, म्हणजे पत्र्यासारखा दिसणारा भाग, कापसाने भिजवला. दोन तासांत निळ्यावर सुरकुत्या आल्या, दुधावरच्या सायीसारख्या. जुना दात घासायचा ब्रश फिरवला. निळा लोळ होऊन निघाला. त्याच्याखालून नारिंगी दिसला, स्वच्छ, टवटवीत. मी नातवाला हाक मारली. आणि तो येईपर्यंत नारिंगीही ब्रशाला लागून निघून गेला. खाली पांढरे प्लास्टिक. दोघे पाहत राहिलो.

चूक पुन्हा माझीच. वरचा रंग अल्किडचा, हवेत सुकून कडक झालेला. खालचा जपानी बाटलीतला ॲक्रिलिक, पातळ आणि मऊ. जे वरच्याला सोडवील ते खालच्याला त्याआधी सोडवील. अल्कोहोल, म्हणजे आयसोप्रोपिल, तर उलटाच न्याय करते: खालचा लगेच उचलते आणि वरच्यापाशी रेंगाळते. माझा ऑइलपेंट घालवील आणि धाकट्याचा रंग राखील असे द्रव्य मला सापडले नाही. कोणी म्हणेल, मग सगळेच उतरवा. कवच पांढरे करून नव्याने रंगवा. नातवाचे तेच म्हणणे होते, आणि जीर्णोद्धाराच्या दृष्टीने ते बरोबरही होते. या मोटारीची नवी आवृत्ती कंपनीने २००५ साली पुन्हा काढली. पांढरे कवच हवे असेल तर ते विकत मिळते. मला पांढरे नको होते.

उरला उपाय पाणीकागदाचा. १००० नंबरचा, मग १५००, मग २०००. पाण्यात साबणाचा एक थेंब, बोटाच्या टोकाएवढा तुकडा, आणि जोर अजिबात न देता गोल गोल फिरवणे. दिवसाला नखाएवढी जागा होते. निळा पातळ होत जातो, जांभळट दिसू लागतो, आणि एका क्षणी थांबावे लागते. तो क्षण एका फेऱ्याने चुकला तर नारिंगीही गेला. तीन ठिकाणी माझा चुकला. उजव्या बाजूला ७ चा आकडा होता, त्याची कड ओलसर करून उचलली, तर तो माझ्या निळ्यासकट अख्खा निघून आला, आणि त्याच्याखाली दोन बोटे रुंद जागेत १९८६ चा रंग जसाच्या तसा होता. त्याला ऊन लागले नव्हते, माती लागली नव्हती, मी लागलो नव्हतो. कोपऱ्यात ब्रशाचा एक केस रंगात अडकून सुकलेला, आणि काळ्या-नारिंगीच्या सीमेवर अंगठ्याचा अर्धा ठसा. ती सीमारेषा त्याने पट्टी न लावता, मोकळ्या हाताने ओढली होती, हे तेव्हा कळले.

दोन महिन्यांत तळहाताएवढा नारिंगी मोकळा झाला आहे. डावी बाजू पांढरी, टप निळा, उजवीकडे हा तुकडा: मोटार आता कोणाच्याच ओळखीची राहिलेली नाही. नातवाने न विचारता तिचे छायाचित्र काढले आणि भोपाळला पाठवले. नव्या पिढीची चुलत भावंडे एकमेकांशी रोज बोलतात, हे आम्हा थोरल्यांना फार उशिरा कळते.

संध्याकाळी फोन वाजला. सौ.ने घेतला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग धाकटा म्हणाला,

"थिनर तर नाही ना लावलंस, दादा?"

मी म्हणालो, "नाही रे."

"मग बरंय. आणि डाव्या बाजूला काही करू नकोस. पिवळा तीन भाग, तांबडा एक. पण आधी काळा, मग नारिंगी. मी आल्याशिवाय डबा उघडू नकोस."