बोटीवरचा संसार आणि आपल्या नदीतली होडी

गेले काही दिवस शिरूरच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जोडप्याचे व्हिडिओ फिरतायत. नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन गौरव गौतम आणि त्यांच्या पत्नी वैदेही चिटणवीस. यांनी जमिनीवरचा संसार आवरला, ‘रीवा’ नावाची शिडाची बोट घेतली आणि लेकीला घेऊन आग्नेय आशियाच्या समुद्रात राहायला गेले. घर, शाळा, स्वयंपाक, सगळं बोटीवर.

खाली प्रतिक्रिया ठरलेल्या. “पेन्शन असली की सगळं सुचतं.” “आमची मंडळी महाबळेश्वरच्या बोटीत पण डोळे मिटून बसते.” एकाने विचारलं, “शिरूरवाल्यांना समुद्राचं काय घेणं?”

घेणं आहे. म्हणून हे लिहितोय.

अशा बोटीवर सगळं मोजून असतं. गोडं पाणी टाकीत मावेल तेवढंच. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. वीज सोलरवर, म्हणजे ढग आले की पंखा बंद. आपल्या पूर्व भागात टँकरची वाट बघत घर चालवणाऱ्या वहिनी-मावश्यांना यातलं काही शिकवायला नको. पाण्याच्या हिशोबात त्या भल्या भल्या कॅप्टनला हरवतील.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शिडाच्या बोटीवाला आधी वारं बघतो, मग तारीख ठरवतो. विषुववृत्ताच्या अगदी जवळ चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत, म्हणून वादळाच्या मोसमात जगभरातल्या अशा अनेक बोटी मलेशिया-इंडोनेशियाच्या बाजूला मुक्कामाला जातात. घाई आहे, पाहुणे वाट बघतायत, असल्या कारणांसाठी नांगर उचलायचा नसतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोटीवर दोघंच असली की रात्री एक झोपतो, दुसरा पहारा देतो. पहाऱ्यावरचा माणूस पाण्यात पडला तर झोपलेल्याला कळणारच नाही. सकाळी उठेल तेव्हा जोडीदार कित्येक मैल मागे राहिलेला असेल. म्हणून अशा बोटींवर साधा नियम असतो: रात्री एकट्याने बाहेर असायचं तर अंगात लाईफ जॅकेट आणि कमरेचा पट्टा बोटीला अडकवलेला. कितीही अनुभवी असा.

हे नवख्यांचे चोचले नव्हेत. आपले मराठी कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून परत आले. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ‘तारिणी’वर २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला जग फिरून परतल्या. या दोन्ही बोटी गोव्यात बांधलेल्या. अशा मोहिमांमागे वर्षानुवर्षांची तयारी असते.

आता आपल्या पाण्याकडे या. शिरूरची घोड नदी भीमेला मिळते, भीमा दौंडवरून पुढे उजनीत पसरते. खानोटा, राजेगावपासून खाली भिगवण-कुंभारगावपर्यंत बॅकवॉटरला पहाटे जाऊन बघा. नवरा वल्हं मारतोय, बायको जाळं सोडतेय. चिलापी घेऊन सकाळी बाजार गाठायचा. यांचा संसारही बोटीवरच चालतो. यांचे व्हिडिओ कुणी करत नाही, झालेच तर रोहित पक्ष्यांच्या फोटोत मागे कुठंतरी होडी दिसते. एकाला जॅकेटचं विचारलं तर तो हसला. “दादा, जन्म पाण्यात गेला. जॅकेट घालून जाळं कसं ओढू?”

याच उजनीत २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्यात नवरा-बायको आणि त्यांची दोन लहान लेकरं होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले म्हणून बातमी तरी लवकर कळली.

मोठी लाट, खोल समुद्र, तुफान, काही नव्हतं. मे महिन्यातला वळवाचा वारा होता, जो आपल्याकडे दरवर्षी येतो. रस्त्याने फेरा मोठा पडतो म्हणून लोक होडीने जातात, त्यात त्यांचा दोष नाही. पूल होईल तेव्हा होईल. तोवर होडी चालणारच आहे.

मग तोवर काय? अंतर्गत जलयानांचा २०२१ चा केंद्रीय कायदा आहे. इंजिनाच्या बोटींची नोंदणी, सुरक्षा साधनं, सगळं त्यात लिहिलंय. वल्ह्याच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांनी ठेवावी अशी तरतूदही आहे. आपल्या पंचायतीत असं रजिस्टर आहे का, हे ग्रामसभेत विचारा. होडीत किती माणसं बसवायची, हा आकडा होडीवर रंगवलेला आहे का? प्रत्येकाला, लेकरांना त्यांच्या मापाचं, जॅकेट आहे का? हवामान खात्याचा वादळाचा इशारा मोबाईलवर येतो, तो आल्यावर धक्क्यावर होडी थांबवायचा अधिकार नेमका कुणाला आहे? गावजत्रेच्या एका रात्रीच्या डीजेच्या पैशात एका होडीची जॅकेटं सहज येतात.

आणि पोहणं. आपल्याकडे विहिरी बुजल्या, पोहायला शिकवणारे काका-मामा गेले, आणि शेततळी मात्र जागोजागी झाली. आतला कागद इतका निसरडा की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. कडेला एक जाड दोर आणि दोन हवा भरलेल्या ट्यूब बांधून ठेवल्या तर एखादं लेकरू वाचेल.

समुद्रावर राहायला जाणारं कुटुंब बघून हेवा वाटणं साहजिक आहे. मलाही वाटला. पण त्यांच्याकडून घ्यायचं काय, तर पाण्याला रोज नव्याने घाबरून तयारी करायची सवय. तिला पेन्शन लागत नाही.

पावसाळ्याआधी आपल्या गावच्या होडीत, तळ्यावर काय आहे आणि काय नाही, ते फोटोसह खाली कळवा. तालुकावार यादी करून तहसीलदारांकडे देतो.