भद्रेश्वर दीक्षित वडूजला येतात

जुनं नाटक वर्गात मरतं ते बहुधा पहिल्याच तासाला. नाटककाराचा जन्म, गाव, ग्रंथसंपदा, मग कथानक आणि पात्रपरिचय. तोवर झेरॉक्सच्या दुकानात नोट्स आलेल्या असतात, आणि नाटक वाचायची कुणालाच गरज उरत नाही.

‘संगीत शारदा’ शिकवताना मी आता देवलांपासून सुरुवात करत नाही. शारदेपासूनही नाही. म्हाताऱ्या भुजंगनाथाला नवरी मिळवून द्यायला निघालेल्या भद्रेश्वर दीक्षितापासून करतो. पुस्तकं मिटायला लावतो आणि म्हणतो, हा गडी आत्ता वडूजच्या एसटी स्टँडवर उतरलाय. कुणाच्या दारात जाईल? काय बोलेल?

वर्गात खसखस पिकते. मग मागच्या बाकावरचा, एरवी हजेरीपुरतंच तोंड उघडणारा एखादा उठतो. टोपी सारखी करायचा आव आणतो, नसलेल्या पानाला चुना लावतो आणि बाकालाच शारदेचा बाप कांचनभट समजून सुरू होतो, “मामा, पावणा लाखात एक हाय. वय जरा पुढं गेलंय, पर रानात जिहे-कठापूरचं पाणी आलंय. पोरगी बसून खाईल!” हशा ओसरायच्या आत पुढच्या बाकावरून एक मुलगी विचारते, “पोरीला इचारलंय का पण?” देवलांनी १८९९ साली रंगमंचावर विचारलं ते हेच. ते सांगायला मला फळा लागत नाही.

यानंतर गंमत थांबते. खटाव-माण पट्ट्यात आज उलटं दुखणं आहे. तिशी उलटली तरी शेतकरी पोराला मुलगी मिळत नाही. मध्यस्थाला पैसे मोजून आणलेली नवरी चार दिवसांत पसार झाल्याच्या बातम्या पेपरात येतात. त्याच वेळी कुठे अठराच्या आतलीचंही गुपचूप उरकलं जातं. कांचनभट लोभी की नाडलेला, यावर वर्गात भांडणं लागतात. मुली त्याला सोडत नाहीत. मुलं थोडी गप्प होतात. प्रत्येकाच्या घरी एखादा बिनलग्नाचा भाऊ किंवा चुलता असतोच.

देवलांची भाषा आपल्या बोलीत आणणं म्हणजे संहितेची मोडतोड, असं काही जाणकारांना वाटतं. पण खुद्द देवलांनी काय केलं? शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला ‘झुंजारराव’ केलं, शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ मराठी पदांनी गातं केलं. नटांच्या तालमी घेणारा माणूस तो; वाक्य तोंडात बसतं की नाही, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. मात्र बोलीतला प्रवेश झाला की मूळ संहिता उघडायचीच, आणि ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायची. नाहीतर ते स्नेहसंमेलनातलं विनोदी सोंग होतं. शारदेच्या वेशात अर्ध्या मिनिटाचं रील काढणं मला त्याच जातीचं वाटतं.

पदं तर मुकी ठेवूच नयेत. गावोगाव भजनी मंडळं आहेत. पेटीवर बोटं फिरणारा एखादा तरी आपल्याच वर्गात असतो. नाट्यसंगीत आपल्याला जमणार नाही असं त्याला वाटत असतं. आधी भजनाची चाल धरू द्यावी, पदाची मूळ चाल मग ऐकवावी.

शारदा जीव द्यायला नदीकडे धावते, तिथं हमखास कुणीतरी म्हणतं, “सर, येरळेत बुडायला पानी कुठाय?” मी रागवत नाही. नकाशा काढतो. हीच येरळा खाली ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते आणि ते पाणी सांगलीवरून हरिपूरला जातं. देवल त्या हरिपूरचे. लेखकाचं गाव इथं सांगितलं की लक्षात राहतं.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. नटराजाच्या फोटोला हार आणि पाहुण्यांचं भाषण, एवढ्यात तो उरकतो. मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, यंदा पाहुणे बोलावू नका. त्या दिवशी एक प्रवेश मुलांच्या हवाली करा, आणि आपण मागच्या बाकावर बसा.