वायपरचे दांडे

मृग लागण्यापूर्वी मोटारीच्या वायपरचे दांडे उतरवून, साफ करून पुनश्च बसवण्याचे काम यंदा मी स्वहस्ते केले. वायपर चालवून बंद केला, की पाती आपल्या विश्रामस्थानी येऊन थांबतात. तेथे काचेवर चिकटपट्टीची खूण करून बुडाचे टोपण काढले आणि नट सैल केला, तरी आसाच्या बारीक दात्यांवर गंजाने जखडलेला दांडा हलेना. हातोडी येथे वर्ज्य, कारण तिचा आघात आतील सांध्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून तेल सोडून, नट शेवटच्या आट्यांवर ठेवून, दांडा हळूहळू डोलवीत राहिलो. त्या संथ श्रमात एक अनपेक्षित समाधान होते.

दांडा डोलवताना आठवले, की १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन यांनी आतून हाताने फिरवण्याच्या वायपरचे पेटंट मिळवले. बर्फात ट्राम हाकणाऱ्याचे हाल त्यांच्या नजरेस पडले होते. परक्या माणसाच्या दृष्टीची अशी काळजी वाहणे, हा मला करुणेचाच प्रकार वाटतो.

दांडा खुणेवर बसवताना एका दात्याचा फरक पडला, तरी पाते चौकटीवर आपटते. माणसालाही असे नियत विश्रामस्थान असते काय, आणि त्याची खूण कोणी करून ठेवलेली असते, हा विचार तेव्हापासून मनात घोळतो आहे.