विश्राम

बंगळूरच्या पोस्टिंगला मी बेळ्ळंदूरला राहत होतो. हे गाव लोकांना ठाऊक आहे ते तळ्यावरच्या फेसामुळे आणि आगीमुळे. २०१८च्या जानेवारीत ते तळं पेटलं, तेव्हा आग विझवायला लष्कराचे जवान उतरले होते. पण आजची गोष्ट तळ्याची नाही.

माझ्या जुन्या युनिटमधला एक तमिळ जवान काश्मीरमध्ये हिमकड्याखाली गेला. त्याची आई आता थोरल्या मुलाकडे, बेळ्ळंदूरलाच, माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर राहत होती. मला हे माहीत होतं. तरी आठ महिने मी गेलो नाही. त्या दिवशीची गस्त मी लावली होती.

मग त्याच्या भावाचा फोन आला. "सर, रविवारी त्याच्या नावाने मिस्सा आहे. याल का?"

गेलो. चर्चमध्ये शेवटच्या बाकामागे उभा राहिलो. घंटा वाजली, सगळे उठले, फादर मधल्या वाटेने वेदीकडे निघाले आणि गायन सुरू झालं. या पहिल्या गायनाला लॅटिनमध्ये 'इंट्रोइटुस' म्हणतात, म्हणजे प्रवेश. आपल्या वसईकडे प्रवेशगीत म्हणतात. पूर्वी ते जगभर लॅटिनमध्येच असायचं. १९६०च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ज्याच्या त्याच्या भाषेत आलं. इथे ते तमिळमध्ये होतं. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, 'इळैप्पाट्रि'. शेजारी एमईजीचे एक निवृत्त हवालदार होते. त्यांना खुणेनेच अर्थ विचारला.

"आराम, साब. हमेशा का आराम."

मृतांसाठीच्या मिस्साला 'रेक्विएम' हे नाव पडलं तेही याच प्रवेशगीताच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून, हे मी नंतर वाचलं. अर्थ तोच, विश्रांती. आमच्याकडे निरोप 'शोक शस्त्र'ने होतो. बंदुकांची तोंडं जमिनीकडे, माना खाली. खडकवासल्याला पहिल्या आठवड्यात शिकलो ते 'सावधान' आणि 'विश्राम'. त्या पोराला मी किती वेळा 'सावधान' केलं असेल! इथे मात्र सुरुवातच विश्रामाने होत होती आणि तो मागत होती त्याची माणसं.

मिस्सा संपल्यावर आईसमोर उभा राहिलो. भावाला म्हणालो, "त्यांना सांगा, त्या दिवशीची गस्त मी लावली होती."

त्याने सांगितलं. माउली बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हात धरून काहीतरी बोलली.

भाऊ म्हणाला, "सर, आई म्हणते, पुढच्या वर्षी मागे उभे राहू नका. आमच्या बाकावर बसा."

आता माझी बदली झाली आहे. रजेचा अर्ज टाकला आहे.