जुनी भूक, नवे पेट्रोल

जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो, विटलेला रंग पुन्हा चढवता येतो, फाटलेली आसनेही मूळच्याच धाटणीत शिवून घेता येतात. पण ज्या इंधनावर ती गाडी वाढली ते इंधन कोणत्याही गॅरेजात राखून ठेवता येत नाही. १९६४ ते १९७२ या काळात अमेरिकेत बहरलेल्या ‘मसल कार’, म्हणजे मध्यम आकाराच्या आणि बेताच्या किमतीच्या सांगाड्यात अवाढव्य व्ही-८ इंजिन बसवून सरळ रस्त्यावर सुसाट पळण्यासाठी केलेल्या दोन दारी गाड्या, जितक्या डेट्रॉइटच्या कारखानदारीने घडवल्या तितक्याच त्या काळच्या पेट्रोल पंपांनीही घडवल्या. म्हणूनच अशी गाडी घेऊ पाहणाऱ्याने तिच्या रंगावर भाळण्याआधी तिच्या भुकेची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

या चौकशीचा आरंभ कॉम्प्रेशन रेशोपासून होतो. सिलिंडरमध्ये शिरलेले हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टन किती पट दाबतो, याचे ते माप होय. दाब वाढला की तेवढ्याच पेट्रोलमधून अधिक ताकद निघते; पण मिश्रणही अधिक तापते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच कोपऱ्यातला उरलेला भाग आपोआप भडकतो. यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर जोर लावताना बोनेटखालून पत्र्यावर गोट्या उडाव्यात तसा टणटणाट ऐकू येतो, आणि त्याकडे काणाडोळा केला तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. पेट्रोलची हा अकाली भडका रोखण्याची क्षमता ऑक्टेन या अंकाने सांगतात. त्या मोजपट्टीवर आयसोऑक्टेन हे १०० आणि हेप्टेन हे शून्य मानले जाते. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओमधील ६.४ लिटरच्या इंजिनाचा रेशो १०.७५ होता, तर १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएसच्या एलएस-६ या ४५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा ११.२५. अशा इंजिनांना १०० च्या आसपास ऑक्टेनचे पेट्रोल लागे आणि त्या काळी ते सहज मिळे. सनोको कंपनीचे ‘२६०’ हे पेट्रोल तर या गाड्यांच्या शौकिनांमध्ये नावाजलेले होते.

त्या पेट्रोलचे सामर्थ्य बऱ्याच अंशी शिशाचे होते. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने नॉकिंग थांबते असे आढळले आणि १९२३ मध्ये ओहायोतील डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत हे संयुग हाताळणारे कामगार विषबाधेने दगावले, तरी ते पुढे अर्धशतक विकले गेले. शिसे आणखी एक काम मुकाट्याने करत असे: व्हॉल्व्ह मिटताना ज्या कड्यावर टेकतो त्या व्हॉल्व्ह सीटवर त्याचा पातळ थर बसे आणि तापलेल्या धातूची झीज टळे. १९७१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवले, १९७५ पासून धूर शुद्ध करणारे, पण शिशाने निकामी होणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, १९९६ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवरून आणि २००० मध्ये भारतातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. मुलांच्या मेंदूला अपाय करणाऱ्या त्या विषासाठी हळहळण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या भरवशावर घडलेले इंजिन मागे उरले आहे, हेही खरे.

आज अमेरिकी पंपावर ९३ हा आकडा पाहून जुन्या माहितीपुस्तिकेतील १०० शी त्याची थेट तुलना करणे चुकीचे ठरते, कारण तेथे दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आणि त्यांतल्या एकाच चाचणीच्या जुन्या पद्धतीने तेच पेट्रोल ९८ च्या जवळपास भरते. तूट त्यामुळे दिसते तेवढी नसते. पण ११ च्या वर रेशो आणि लोखंडी हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, असलेल्या इंजिनाला ती जाणवतेच. टायमिंग मागे घेऊन, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडून, नॉकिंग आटोक्यात येते, पण ताकद घटते. पिस्टन बदलून रेशो उतरवणे हा खर्चिक तरी टिकाऊ उपाय होय. व्हॉल्व्ह सीटची झीज सावकाश चालवलेल्या गाडीत फारशी होत नाही. दामटून चालवायची असेल तर मात्र हेडमध्ये कठीण पोलादाच्या सीट बसवाव्या लागतात.

दुसरा बदल इथेनॉलचा आहे. अमेरिकेत त्याचे प्रमाण साधारणतः दहा टक्के आहे. उसाच्या पट्ट्यातील मराठी वाचकाला वीस टक्क्यांचे मिश्रणही परिचित आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे डायफ्राम खराब करते, हवेतील ओल शोषून टाकीला गंज आणते आणि मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण अपुरे पाडते, म्हणून कार्ब्युरेटरचे पेट्रोल सोडणारे जेट थोडे मोठे करावे लागतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हा त्रास अधिक होतो. लिटरला चार किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज हा खर्च या सर्वांपुढे निदान उघड तरी असतो.

संग्राहक ज्या इंजिनाला कधी हात लागला नाही त्याला सर्वांत जास्त दाम देतात, आणि आजच्या पेट्रोलवर अडखळण्याची शक्यताही त्याचीच सर्वांत जास्त असते. पण पिस्टन आणि सीट इंजिनाच्या पोटात असतात. ते बदलल्याने ब्लॉकवर कोरलेला मूळ क्रमांक पुसला जात नाही. म्हणून गाडी केवळ मांडून ठेवायची नसेल तर जाणत्या हाताने एकदा उघडलेले इंजिन हा दोष न मानता गुण मानावा आणि ग्राहकाने चकाकीआधी त्या कामाची कागदपत्रे मागावीत.