कुंडलिकेच्या आदल्या दिवशी

नगरच्या कापड बाजारातील ते दुकान सहसा बंद नसते. परंतु मुलगा शिक्षणासाठी परगावी निघण्यापूर्वी वडिलांनी दोन दिवस काढले. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करायचे ठरले. आदल्या दिवशीचा मुक्काम पुण्यात.

लक्ष्मी रस्त्यावर अलोट गर्दी होती. वडील कापडाच्या दुकानांपुढे थबकत, भावांविषयी बोलत. उद्याचा विषय मात्र टाळत. सूर्य कलू लागताच मुलगा म्हणाला, "पप्पा, चौविहाराची वेळ होईल." त्यानेच गर्दीतून वाट काढली. ताट समोर आले तेव्हा बाहेर ऊन होते.

जेवताना मुलाने सांगितले, "मुळशी धरणाचे पाणी भिरा येथे वीज निर्माण करून कुंडलिकेत सोडतात. पाणी सुटले तरच राफ्ट निघते. म्हणून पहाटेच ताम्हिणी घाट गाठायचा."

"म्हणजे नदीलाही वेळेचा नेम आहे!" वडील हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला पोहता येत नाही."

मुलगा क्षणभर थांबला. "लाइफ जॅकेट असते, पप्पा. आणि मी शेजारीच बसेन."

त्या रात्री पहाटेचा गजर वडिलांनी स्वतः लावला.